केवळ यूएसबीच्या विजेवर चालणारी हार्ड डिस्क : निवडीचे निकष

जुन्या कागदपत्रांच्या प्रतिमा, बोलीभाषांची ध्वनिमुद्रणे आणि क्षेत्रकार्यातील छायाचित्रे यांचा संग्रह करणे हे मानव्यविद्यांच्या अभ्यासकाचे आता नित्याचे काम होऊन बसले आहे. हा संग्रह लॅपटॉपमधील जागेत फार काळ मावत नाही, आणि मग बाहेरून जोडावयाच्या हार्ड डिस्कचा शोध सुरू होतो. अभ्यासकाची अट बहुधा दुहेरी असते. डिस्क अल्प किंमतीची असावी, आणि तिच्यासाठी वेगळा वीजजोड लागू नये. ज्या गावी दिवसातून काही तासच वीज असते, किंवा ज्या दफ्तरखान्यात भिंतीवरील एकमेव सॉकेट अगोदरच पंख्याने व्यापलेले असते, तेथे ही दुसरी अट पहिलीपेक्षाही महत्त्वाची ठरते. तरीही दुकानात निवड होते ती मुख्यतः क्षमतेचा आकडा आणि किंमत पाहून. पुढे एखाद्या वृद्ध निवेदकाचे मुद्रण साठविलेली डिस्क ऐन वेळी टकटक आवाज करू लागते आणि उघडत नाही. तो निवेदक हयात नसेल, तर ते मुद्रण पुन्हा मिळविण्याचा कोणताच मार्ग उरत नाही. म्हणून या साध्या वाटणाऱ्या वस्तूच्या निवडीचा विचार काहीशा विस्ताराने करणे अवश्य आहे.

प्रथम किती जागा लागेल याचा अंदाज घ्यावा. तो अंकगणिताने सहज निघतो. ए-फोर आकाराच्या कागदाची, इंचास ४०० बिंदू या घनतेने घेतलेली रंगीत प्रतिमा संक्षेप न करता साठविली, तर ती सुमारे ४६ मेगाबाइट जागा व्यापते. म्हणजे हजार पानांच्या मोडी कागदांच्या एका रुमालास ४६ गिगाबाइट, आणि असे एकवीस रुमाल झाले की एक टेराबाइटची डिस्क जवळजवळ भरली. ध्वनीचे प्रमाण याहून बरेच सौम्य आहे. सेकंदास ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास २४ बिट या मानाने केलेले दोन वाहिन्यांचे मुद्रण तासास साधारण १ गिगाबाइट होते. तेव्हा शंभर तासांच्या लोकगीतांस जी जागा पुरते, ती दफ्तराच्या तिसऱ्या रुमालासही पुरत नाही. ज्याचे काम केवळ ध्वनिमुद्रणाचे आहे त्याने चार-पाच टेराबाइटच्या मोहात पडण्याचे कारण नाही. ज्याचे काम कागदांच्या प्रतिमांचे आहे त्याने मात्र एक टेराबाइटवर थांबू नये.

येथे एक खुलासा करणे इष्ट होईल. एक टेराबाइटची डिस्क विंडोज प्रणालीवर जोडली असता ९३१ गिगाबाइट एवढीच जागा दाखविते आणि ग्राहकास फसवणूक झाल्यासारखे वाटते. वस्तुतः उत्पादक १००० च्या पटीत मोजतो व ती प्रणाली १०२४ च्या पटीत मोजते, एवढाच हा भेद आहे. यात कोणाचे काही हरवलेले नसते.

आता मुख्य प्रश्न विजेचा. हार्ड डिस्क हे मूलतः एक फिरणारे यंत्र आहे. आयबीएम कंपनीने १९५६ साली रॅमॅक यंत्राबरोबर बाजारात आणलेली पहिली डिस्क २४ इंच व्यासाच्या ५० चकत्यांची होती, तिचे वजन एक टनाच्या घरात होते, आणि तीत सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. वर सांगितलेल्या एका पानाची प्रतिमा अशा दहा यंत्रांतही मावली नसती. त्यानंतर आकार घटत गेला, परंतु तत्त्व तेच राहिले. चुंबकीय लेप दिलेली चकती वेगाने फिरते, आणि तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर हवेच्या थरावर तरंगणारे शीर्ष तीवर लिहिते व वाचते. चकती फिरविण्यास मोटर लागते आणि मोटरला वीज लागते. ही वीज माहिती नेणाऱ्या केबलमधूनच मिळू शकेल काय, हे डिस्कच्या आकारावर अवलंबून आहे.

आज प्रचारात असलेल्या डिस्कांचे दोन आकार आहेत. साडेतीन इंची डिस्क टेबलावरील संगणकासाठी बनविलेली असून तिच्या मोटरला १२ व्होल्टचा दाब लागतो. ती सुरू होताना काही क्षण वीस वॉटच्या आसपास शक्ती खेचते. अडीच इंची डिस्क लॅपटॉपसाठी निर्माण झाली. तिची चकती सुमारे ६५ मिलिमीटर व्यासाची, म्हणून हलकी असते, आणि तिचे सर्व काम ५ व्होल्टवर चालते. यूएसबीच्या साध्या पोर्टमधून मिळणारा दाबही ५ व्होल्टच आहे. यावरून निष्कर्ष उघड निघतो. ज्यास वेगळा वीजजोड नको, त्याने अडीच इंची डिस्कच घ्यावयास हवी. साडेतीन इंची डिस्क दर टेराबाइटमागे स्वस्त पडते हे खरे, पण तिच्यासोबत भिंतीत लावण्याचा अॅडॉप्टर येतो आणि तो हरवला की डिस्क असून नसल्यासारखी होते. सीगेट कंपनीने २०१६ साली केवळ यूएसबीच्या सी-प्रकारच्या जोडावर चालणारी साडेतीन इंची डिस्क काढली होती. तथापि तो अपवादच राहिला.

पाच व्होल्टचा दाब सर्वत्र समान असला तरी किती प्रवाह मिळेल हे पोर्टच्या पिढीवर ठरते. २००० साली ठरलेल्या यूएसबी २.० च्या मानकाप्रमाणे एका पोर्टाने अर्धा अँपिअर, म्हणजे २.५ वॉट शक्ती द्यावी. २००८ च्या यूएसबी ३.० ने ही मर्यादा ०.९ अँपिअर, म्हणजे ४.५ वॉटपर्यंत वाढविली. सी-प्रकारच्या जोडातून, संगणकाने तशी तयारी दर्शविल्यास, त्याच दाबाने ३ अँपिअरपर्यंत प्रवाह मिळू शकतो. अडीच इंची डिस्क एकदा फिरू लागली की वाचन-लेखनास साधारण दोन वॉटच्या आसपास शक्तीवर समाधान मानते. खरी अडचण आरंभीची आहे. स्तब्ध चकतीला मिनिटास ५४०० फेऱ्यांच्या गतीस आणताना मोटर काही सेकंद सुमारे एक अँपिअर प्रवाह मागते. बैलगाडी चढावर एकदा चालू लागली की चालते, पण उभी गाडी हलविण्यास जोर लागतो, तसाच हा प्रकार आहे.

हा आरंभीचा प्रवाह मिळाला नाही तर दाब खाली घसरतो, डिस्कवरील नियंत्रक पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो, शीर्ष मागे घेतले जाते आणि पुन्हा तोच क्रम चालू होतो. ऐकणाऱ्यास हा टकटक असा आवाज ऐकू येतो. पुष्कळ वेळा डिस्क बिघडली असे समजून ती दुरुस्तीस नेली जाते, आणि वस्तुतः दोष असतो केबलचा किंवा पोर्टचा. उलटपक्षी, खरोखर झिजलेल्या शीर्षाचाही आवाज असाच असतो. म्हणून असा आवाज येताच डिस्क ताबडतोब काढून घ्यावी आणि आखूड केबलने दुसऱ्या संगणकाच्या पोर्टला एकदाच जोडून पाहावी. तेथेही तोच आवाज आला तर पुढे प्रयत्न करणे म्हणजे शिल्लक माहितीही घालविणे होय.

केबलचा उल्लेख वर आला. तिच्याकडे जितके दुर्लक्ष होते तितके अन्य कशाकडेही होत नसेल. स्वस्त केबलमधील तांब्याची तार ०.३२ मिलिमीटर व्यासाची असली, तर तिचा रोध दर मीटरला सुमारे ०.२१ ओहम भरतो. प्रवाहास जाण्याची एक व परतण्याची एक अशा दोन तारा लागतात. म्हणजे एक मीटर लांबीच्या केबलचा एकूण रोध ०.४३ ओहमच्या जवळ झाला. तीतून ०.९ अँपिअर प्रवाह गेला की केबलमध्येच ०.३९ व्होल्ट दाब खर्ची पडतो आणि डिस्कपर्यंत ५ च्या ऐवजी ४.६ व्होल्ट पोहोचतात. डिस्कला साधारणतः पाच टक्क्यांहून अधिक घट, म्हणजे ४.७५ व्होल्टच्या खालचा दाब, मानवत नाही. केबल अर्ध्या मीटरची असेल तर हीच घट निम्म्यावर येते. उत्पादक डिस्कबरोबर वीतभर लांबीची केबल देतात ती कंजूषपणाने नव्हे. ती हरवल्यावर बाजारातून दोन मीटरची केबल आणून तीवर डिस्क चालवू पाहणे हे बहुतेक तक्रारींचे मूळ आहे.

याच कारणास्तव टेबलावरील संगणकाच्या पुढच्या बाजूचे पोर्ट टाळून मागील पोर्ट वापरणे श्रेयस्कर. पुढील पोर्ट पेटीतील लांब तारेने मुख्य फलकास जोडलेले असतात; मागील पोर्ट फलकावरच बसविलेले असतात. एका पोर्टाचे चार पोर्ट करणारा हबही, त्यास स्वतःचा वीजजोड नसेल तर, या कामी निरुपयोगी समजावा. यूएसबी २.० च्या मानकानुसार असा हब आपल्या प्रत्येक पोर्टास फक्त ०.१ अँपिअर देण्यास बांधलेला असतो. प्रत्यक्षात काही हब याहून अधिक प्रवाह जाऊ देतात आणि डिस्क चालते. मात्र त्याच हबला दुसरे उपकरण जोडताच ती मध्येच बंद पडते. लिहिणे चालू असताना डिस्क अशी बंद पडणे हे आरंभीच न चालण्यापेक्षा अधिक घातक, कारण त्यात अर्धवट लिहिलेल्या अनुक्रमणिकेमुळे सबंध संग्रहच दिसेनासा होण्याचा संभव असतो. जुन्या लॅपटॉपांसाठी दोन पोर्टांतून वीज घेणारी दुशाखी केबल मिळत असे व आजही मिळते. ती मानकास धरून नाही, परंतु २००८ पूर्वीच्या संगणकावर काम करणे भाग असेल तर तिचा उपयोग होतो, हे मान्य करावे लागेल.

वेगासंबंधी जाहिरातींत जे लिहिलेले असते त्याचा फारसा विचार करू नये. यूएसबी ३.० सेकंदास ५ गिगाबिट वाहून नेऊ शकते. पण अडीच इंची चकती स्वतःच सेकंदास शंभर-सव्वाशे मेगाबाइटच्या पलीकडे क्वचितच जाते. तेव्हा याहून वेगवान पोर्टासाठी अधिक पैसे देणे व्यर्थ आहे. ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही तीन नावे वस्तुतः एकाच वेगाची आहेत. मानक ठरविणाऱ्यांनी नावे बदलून ग्राहकांचा गोंधळ मात्र पुष्कळ वाढविला. यूएसबी २.० वर मात्र फरक स्पष्ट जाणवतो. तेथे प्रत्यक्ष वेग सेकंदास ३५ मेगाबाइटच्या आसपास राहतो, आणि एक टेराबाइट उतरवून घेण्यास सुमारे आठ तास लागतात. तेच काम यूएसबी ३.० वर अडीच-तीन तासांत उरकावे.

‘उरकावे’ असे म्हणण्याचे कारण चकतीवर लिहिण्याच्या एका नव्या पद्धतीत आहे. आजच्या बहुतेक अडीच इंची डिस्कांत, विशेषतः एक टेराबाइट व त्यावरील क्षमतेच्या डिस्कांत, चुंबकीय रेषा घरावरील कौलांप्रमाणे एकमेकींवर किंचित चढवून लिहिल्या जातात. त्यायोगे त्याच जागेत अधिक माहिती मावते आणि किंमत उतरते. परंतु मधले एखादे कौल बदलावयाचे झाले तर त्यावर चढलेली पुढची कौलेही काढून पुन्हा बसवावी लागतात. म्हणून अशी डिस्क सलग मोठ्या फाइली लिहिताना बरी चालते, आणि बरीचशी भरल्यावर तीत हजारो लहान फाइलींची खोडाखोड सुरू झाली की तिचा वेग अगदी मंदावतो. संग्रह एकदा लिहावयाचा आणि पुढे केवळ वाचावयाचा, अशा कामास ही पद्धत पुरेशी आहे. दररोज बदलणाऱ्या कामाच्या फाइली तीवर ठेवू नयेत. पेटीवर या पद्धतीचा उल्लेख सहसा नसतो. उत्पादकाच्या माहितीपत्रकात शोधावा लागतो.

किंमतीचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. मोटर, शीर्ष, नियंत्रक-फलक आणि कवच यांचा खर्च क्षमता कितीही असली तरी जवळजवळ तेवढाच येतो. म्हणून सर्वांत लहान क्षमतेची डिस्क एकूण किंमतीत स्वस्त दिसली तरी दर टेराबाइटमागे ती महाग असते. किंमतीस टेराबाइटने भागून पाहिले की मधल्या क्षमतेच्या डिस्का बहुधा सर्वांत लाभदायक ठरतात. हार्ड डिस्क बनविणाऱ्या कंपन्या आता जगात तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. अन्य नावांनी विकल्या जाणाऱ्या बाह्य हार्ड डिस्कांच्या पोटातही यांपैकीच एखादीचा माल असतो. उत्पादन इतके केंद्रित असल्याने एका ठिकाणच्या आपत्तीचा परिणाम सर्वत्र होतो. २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला तेव्हा तेथील कारखाने पाण्याखाली जाऊन जगभर डिस्कांच्या किंमती भडकल्या होत्या. वॉरंटीच्या वर्षांची तुलना अवश्य करावी. पण वॉरंटी ही डिस्कची असते, तीतील मजकुराची नसते. नादुरुस्त डिस्कच्या बदली कोरी डिस्क मिळते इतकेच.

स्वस्ताईची एक सीमा मात्र ओळखता आली पाहिजे. अडीच इंची हार्ड डिस्कची आजवरची सर्वांत मोठी क्षमता २०२४ साली ६ टेराबाइटवर पोहोचली. त्यामुळे खिशात मावणारी ‘१६ टेराबाइट’ची हार्ड डिस्क किरकोळ किंमतीत कोणी देऊ करीत असेल, तर ती खोटी आहे हे निःशंक समजावे. अशा वस्तूच्या कवचात बहुधा एखादे लहान मेमरी कार्ड चिकटविलेले असते आणि नियंत्रक संगणकास खोटी क्षमता सांगतो. आरंभीच्या फाइली नीट उघडतात. खरी जागा संपल्यावर मात्र पुढचे लेखन मागच्यावर चढते किंवा नाहीसे होते, आणि हे कळेपर्यंत मूळ प्रती पुसून टाकलेल्या असतात. नवी डिस्क आणल्यावर ती एकदा पूर्ण भरून सर्व मजकूर परत वाचून पाहणे हा यावरील खात्रीचा उपाय होय. त्यासाठी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा एफ-थ्री यांसारखे विनामूल्य प्रोग्राम उपलब्ध आहेत. यास एक रात्र लागते, परंतु त्याच परीक्षेत अस्सल डिस्कमधील जन्मजात दोषही उघडकीस येतात.

कवचाच्या आत काय आहे, याकडे विकत घेणाऱ्याचे लक्ष जात नाही. काही बाह्य हार्ड डिस्कांत नेहमीची साटा जोड असलेली डिस्क आणि तिला यूएसबीशी जुळविणारा एक छोटा फलक अशा दोन वस्तू असतात. इतर कित्येकांत यूएसबीचा जोड थेट डिस्कच्याच फलकावर डाख देऊन बसविलेला असतो. पहिल्या प्रकारात जोड मोडला तर डिस्क बाहेर काढून दुसऱ्या कवचात घालता येते. दुसऱ्या प्रकारात तशी सोय नाही. मोडलेल्या जोडाबरोबर सारा संग्रह अडकतो आणि तो सोडविण्यास डिस्कच्या किंमतीच्या कितीतरी पट खर्च येतो. काही डिस्कांत तो फलक सर्व मजकूर गुप्त लिपीत रूपांतरित करूनच लिहितो. वापरणाऱ्याने संकेतशब्द घातलेला नसला तरीही, फलक जळाल्यावर आतील डिस्क वाचता येत नाही. ज्यास काटकसर करावयाची आहे आणि ही जोखीमही नको आहे, त्याने रिकामे कवच विकत घेऊन त्यात साटा जोडाची अडीच इंची डिस्क बसवावी. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली डिस्क याप्रमाणे वापरात आणता येते. मात्र तिचा स्मार्ट या नावाचा आरोग्य-अहवाल आधी वाचावा आणि निकामी होऊन बदललेल्या कप्प्यांची संख्या शून्याहून अधिक दिसल्यास तिच्यावर विसंबू नये.

फिरत्या चकतीऐवजी एसएसडी घ्यावी काय, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो. तीत हलणारा भाग नसतो. ती पडली तरी बहुधा वाचते, आणि आरंभीच्या प्रवाहाची अडचण तिला नाही. एसटीच्या किंवा जीपच्या प्रवासात, चालू लॅपटॉपला जोडून मुद्रण करावयाचे असेल तर तीच योग्य. चालू हार्ड डिस्क टेबलावरून खाली पडली तर शीर्ष चकतीवर आपटते आणि त्यातून सुटका अवघड असते. परंतु दर टेराबाइटमागे एसएसडी महाग आहे, आणि दीर्घकाळ कपाटात ठेवण्यासाठी ती तितकी भरवशाची नाही. तीत माहिती विद्युत्‌भाराच्या रूपाने असते आणि हा भार वीज नसताना हळूहळू झिरपतो. जेडेक संस्थेच्या मानकाप्रमाणे सामान्य ग्राहकाच्या एसएसडीने, तिचे लेखनायुष्य संपत आले असता, ३० अंश सेल्सिअस तापमानात वीज नसताना एक वर्ष माहिती टिकविली म्हणजे पुरे. नव्या एसएसडीत ती याहून बराच अधिक काळ टिकते, हे खरे. पण नागपुरास किंवा जळगावास उन्हाळ्यात बंद खोलीतले तापमान ३० अंशांवर थांबत नाही, आणि तापमान वाढले की हा भार लवकर झिरपतो.

डिस्कवरील फाइलरचनेविषयी थोडक्यात सांगता येईल. जुन्या फॅट-३२ रचनेत एक फाइल ४ गिगाबाइटहून मोठी होऊ शकत नाही, म्हणून दीर्घ मुद्रणास ती टाळावी. केवळ विंडोजवर काम असेल तर एनटीएफएस उत्तम. मॅक संगणक ती वाचतो, पण स्वतःहून तीवर लिहीत नाही. निरनिराळ्या संगणकांवर डिस्क फिरणार असेल तर एक्सफॅट सोयीची. मात्र लिहिता-लिहिता केबल निघाली तर एक्सफॅट एनटीएफएसइतकी सावरत नाही. म्हणून डिस्क काढण्यापूर्वी संगणकास तशी आज्ञा देण्याची शिस्त तेथे विशेष पाळावी.

एवढ्या चिकित्सेने निवडलेली डिस्कही एके दिवशी बंद पडणारच. म्हणून ठरलेल्या रकमेत एक मोठी व देखणी डिस्क घेण्यापेक्षा, दोन भिन्न कंपन्यांच्या साध्या डिस्का घेऊन दोन्हींवर सर्व संग्रह ठेवणे केव्हाही अधिक शहाणपणाचे ठरते. एकाच वेळी एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन डिस्कांत एकच दोष असण्याचा संभव असतो. भिन्न कंपन्यांच्या डिस्का घेतल्याने तो टळतो. दोन्ही प्रती एकाच कपाटात मात्र ठेवू नयेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. अशा प्रसंगी एका कपाटातील दोन प्रती एकीइतक्याच असुरक्षित असतात. एक प्रत विभागात व दुसरी अभ्यासकाच्या घरी, आणि ती घरे शक्यतो एकाच ओढ्याकाठची नसावीत.

प्रत करताना प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हा पडताळा-अंक काढून त्यांची यादी दोन्ही डिस्कांवर ठेवावी. फाइलमधील एक बिट बदलला तरी हा अंक पूर्णपणे वेगळा येतो. वर्षातून दोनदा, समजा दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, दोन्ही डिस्का जोडून अंक पुन्हा काढावेत व यादीशी ताडून पाहावेत. एका डिस्कवरील फाइलचा अंक जुळला नाही तर तीच फाइल दुसरीवरून आणता येते. या कामासाठी रात्रभर संगणक चालू ठेवावा लागतो, आणि तेव्हा डिस्क मागील पोर्टला, तिच्याबरोबर आलेल्या वीतभर केबलनेच जोडलेली असावी.